बिल माशाच्या नावावर

जानेवारी २०२५. लॉस एंजेलिसच्या डोंगरउतारावरची घरं पेटली होती, आग विझवणाऱ्यांच्या काही नळांना पाणी येईनासं झालं होतं, आणि शपथ घ्यायची बाकी असलेले अमेरिकेचे अध्यक्ष गुन्हेगार शोधून मोकळेही झाले होते. गुन्हेगाराचं नाव डेल्टा स्मेल्ट. जात मासा. लांबी दोन-तीन इंच. आयुष्य जेमतेम वर्षभराचं. राहणार घटनास्थळापासून काही शे किलोमीटर उत्तरेला, साक्रामेंटो आणि सॅन होआकीन या नद्या एकमेकींना भेटतात त्या खाडीप्रदेशात. आरोप असा, की या क्षुद्र जिवासाठी नदीत पाणी राखून ठेवतात म्हणून दक्षिणेतल्या माणसांना ते मिळत नाही. वीस तारखेला शपथविधी झाला आणि त्याच दिवशी आदेश निघाला. आधी माणसं, मग मासे, हे त्याच्या मथळ्यातच होतं.

नळ कोरडे का पडले? एका रात्रीत इतकं पाणी उपसलं जाईल या बेतानं तिथल्या टाक्या आणि नळयोजना बांधलेल्याच नव्हत्या. जवळचा एक जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा करून ठेवला होता. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या बाकीच्या मोठ्या साठ्यांत पाणी चांगलं होतं. पण ‘टाकीची दुरुस्ती रेंगाळली’ या वाक्यावर सभा जिंकता येत नाही. ‘माशानं तुमचं पाणी प्यायलं’ यावर येते. शिवाय मासा खुलासा करत नाही, मानहानीचा दावा लावत नाही, मतदानालाही जात नाही. आरोपी म्हणून याहून सोयीचं कोण?

दुर्मीळ मासा वाचवायचा म्हणजे त्याची नदी वाचवायची, आणि नदी वाचवायची म्हणजे अर्थव्यवस्थेचं वाटोळं, हे गणित जगभर इतकं पाठ झालंय की ते कुणी मांडून बघत नाही. अमेरिकेत निदान मांडायची सक्ती आहे. एखाद्या जिवाला संकटग्रस्त ठरवताना पैशाचा विचार करायचा नाही, पण त्याचा अधिवास आखून देताना आर्थिक परिणाम तपासायचेच, असा तिथला कायदा. मग जाडजूड अहवाल येतो. कालव्यात पाणी किती कमी सुटणार, पिकं किती घटणार, पुलाचं काम किती महिने लांबणार, सगळं डॉलरमध्ये. आणि मासा राहिल्यानं, नदी वाहती राहिल्यानं होणारा फायदा? तो पैशात मोजणं कठीण असल्याचं नम्रपणे नमूद केलेलं असतं. खर्चाच्या रकान्यात आकडा, फायद्याच्या रकान्यात परिच्छेद. बेरीज करायला बसलं की परिच्छेद आपोआप शून्य होतो.

एकदा मात्र ही बेरीज नीट झाली होती. झाली आणि सगळ्यांची पंचाईत झाली.

टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी, म्हणजे टीव्हीए. रूझवेल्टच्या काळात, १९३३ साली स्थापन झालेलं सरकारी महामंडळ. मंदीत बुडालेल्या दरिद्री खोऱ्यात त्यानं धरणं बांधली, वीज नेली, पूर आवरले. काम मोठं होतं, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण साठचं दशक उजाडेपर्यंत धरणाच्या चांगल्या जागा संपल्या. अभियंते, यंत्रं आणि खातं मात्र शिल्लक राहिलं. खातं शिल्लक असलं की काम निघतंच, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

ते काम निघालं लिटल टेनेसी नदीवर. तिचा तेहतीसेक मैलांचा शेवटचा वाहता तुकडा उरला होता, त्यावर टेलिको धरण. १९६७ मध्ये बांधकामाला हात घातला. गंमत अशी की या धरणाला स्वतःची जनित्रंच नव्हती. पाणी एका कालव्यानं शेजारच्या फोर्ट लाउडन धरणाकडे वळवायचं आणि तिथली वीज वीसेक मेगावॅटनं वाढवायची, एवढाच विजेचा भाग. मग लाभाच्या रकान्यात लिहायचं काय? लिहिलं मनोरंजन. आसपास टीव्हीएचीच डझनाहून अधिक सरोवरं असताना आणखी एक झालं की लोक होड्या घेऊन तिथं धावतील म्हणे. आणि लिहिला जमिनीचा भाव. सुमारे ३८ हजार एकर जमीन घेतली, त्यातली पाण्याखाली जाणार साडेसोळा हजार. उरलेली तळ्याकाठची म्हणून विकायची. तीनशेहून अधिक कुटुंबांना उठवलं. बोईंग कंपनी तिथं टिंबरलेक नावाचं नमुनेदार शहर वसवणार होती. १९७५ साली बोईंगनं आकडेमोड केली आणि काढता पाय घेतला. खासगी कंपनीनं पळ काढला, सरकारी धरण पुढे चालूच. कारण बोईंगला स्वतःचे पैसे घालायचे होते.

मासा या गोष्टीत उशिरा आला. १९७३च्या ऑगस्टमध्ये टेनेसी विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड एटनियर नदीच्या उथळ, खडकाळ पाण्यात उतरले आणि त्यांना तळाशी एक पिवळट-तपकिरी, बोटाएवढा मासा दिसला. पाण्यातल्या बारक्या गोगलगाई खाऊन जगणारा, म्हणून नाव पडलं स्नेल डार्टर. डिसेंबरात निक्सन यांनी संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्यावर सही केली. हँक हिल नावाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यानं आपल्या प्राध्यापकांना, झिगमंट प्लाटर यांना विचारलं, की सत्राचा निबंध या विषयावर लिहिला तर चालेल का? चालेल म्हणाले. आपल्याकडे असले निबंध गठ्ठ्यात बांधून तळघरात जातात. तिथं तो सर्वोच्च न्यायालयात गेला.

युक्तिवादाच्या दिवशी महान्यायवादी ग्रिफिन बेल स्वतः उभे राहिले आणि त्यांनी खिशातून एक काचेची कुपी काढली. कुपीत मेलेला स्नेल डार्टर. बघा, एवढ्याशा या माशासाठी एवढं मोठं धरण अडलंय! दृश्य झकास होतं, पण न्यायमूर्ती कायदा वाचून आले होते. १९७८च्या जूनमध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की कायदा स्पष्ट आहे, किंमत कितीही पडो, प्रजाती वाचवायचीच, आणि तो शहाणपणाचा आहे की नाही हे ठरवणं आमचं काम नाही. तोवर दहा कोटी डॉलरहून अधिक पैसा ओतून झाला होता.

गहजब उडाला. सिनेटर हॉवर्ड बेकर टेनेसीचेच. त्यांनी पुढाकार घेऊन कायद्यात दुरुस्ती आणली. सात जणांची एक समिती नेमायची, तिनं दोन्ही बाजूंचा हिशेब तपासायचा, आणि माणसाचं हित फारच मोठं दिसलं तर प्रजातीला मरू द्यायची मुभा द्यायची. लोकांनी तिला ‘गॉड कमिटी’ म्हणायला सुरुवात केली. मंत्री, लष्कराचे सचिव, अध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे प्रमुख अशी बडी माणसं तीत होती. माशाविषयी कळवळा असलेली फारशी नव्हती. माशाचा निकाल लागणार हे धरूनच सगळे बसले होते.

२३ जानेवारी १९७९. समितीसमोर जो हिशेब आला त्यात धरणाचा वर्षाचा खर्च सुमारे ७२ लाख डॉलर आणि वर्षाचा लाभ सुमारे ६५ लाख. धरण जवळजवळ पूर्ण झालं होतं. गेलेला पैसा गेला असं समजून निव्वळ उरलेलं काम पुरं करायचा खर्च धरला, तरी धरण तोट्यात! आर्थिक सल्लागारांचे प्रमुख चार्ल्स शुल्त्झ यांनी यावर कोरडेपणानं नोंदवलं, की ९५ टक्के झालेला प्रकल्प उरलेल्या खर्चाच्या मानानंही परवडत नसेल तर मूळ आराखड्याविषयी बरंच काही कळतं. सातही मतं धरणाच्या विरोधात पडली. अंतर्गत खात्याचे मंत्री सेसिल अँड्रस यांची खंत वेगळीच होती. इतका भिकार प्रकल्प बंद पाडल्याचं श्रेय उगाच माशाला जातंय, असं त्यांचं म्हणणं.

म्हणजे सहा वर्षं ‘मासा मोठा की विकास’ म्हणून जो तमाशा चालला होता त्यात विकास स्टेजवर आलाच नव्हता. होता तो फक्त खर्च.

मग गोष्ट संपली? छे. समिती मागितली बेकरसाहेबांनी, पण तिनं भलताच निकाल दिला. मग जून महिन्यात प्रतिनिधिगृहात एका अवाढव्य खर्चाच्या विधेयकाला कुणीतरी एक दुरुस्ती चिकटवली. वाचून दाखवायची गरज नाही असं ठरलं, मिनिटभरही लागला नाही. सगळे कायदे बाजूला ठेवून टेलिको पुरं करा, असा तिचा अर्थ होता. पुढे सिनेटमध्ये बेकर यांनी जोर लावला. सप्टेंबरात कार्टर यांनी नाइलाजानं सही केली, आणि २९ नोव्हेंबर १९७९ रोजी धरणाचे दरवाजे बंद झाले. चेरोकी लोकांची चोटा आणि तानासी ही जुनी गावं पाण्याखाली गेली. त्या तानासीवरूनच अख्ख्या राज्याला टेनेसी हे नाव मिळालंय. खोऱ्यातली कसदार शेतंही गेली. ज्या शेतकऱ्यांना राष्ट्राच्या विकासासाठी उठवलं त्यांच्या उरलेल्या जमिनीवर काही वर्षांनी टेलिको व्हिलेज उभं राहिलं. निवृत्त सुखवस्तू लोकांची वसाहत, गोल्फची मैदानं, घरापुढे होडी बांधायला धक्का. विकास झाला नाही असं कोण म्हणेल? कुणाचा, हे विचारू नये.

मासा वाचला, हेही सांगायला हवं. त्याला आधीच हायवासी नदीत नेऊन सोडलं होतं, पुढे तो आणखी काही ठिकाणी सापडला, आणि २०२२ मध्ये त्याचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून निघालं. २०२५च्या सुरुवातीला येल विद्यापीठाच्या संशोधकांनी वर कडी केली. हा मासा वेगळी प्रजातीच नाही, दुसऱ्या एका डार्टरची ही पूर्वेकडची वस्ती आहे, असा त्यांचा निष्कर्ष. झालं! ‘पाहा, सगळंच खोटं होतं’ म्हणणाऱ्यांना उकळ्या फुटल्या. फुटोत. माशाचं आडनाव बदललं म्हणून ७२ लाखांतून ६५ लाख वजा केल्यावर उरणारे सात लाख कुठं जात नाहीत.

आता दुसरी बाजू. ती लपवून माशाचा वकील व्हायची आमची इच्छा नाही.

ओरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवर क्लॅमथ नदीचं खोरं आहे. २००१ साली तिथं दुष्काळ पडला. वरच्या तळ्यातले दोन जातींचे सकर मासे आणि खालच्या नदीतला कोहो सामन, दोघंही कायद्यानं संरक्षित. सरकारनं एप्रिलमध्ये जाहीर केलं, की यंदा बहुतेक शेतकऱ्यांना कालव्याचं पाणी नाही. हजारावर शेतकरी कुटुंबं, शेत तयार, कर्ज काढून झालेलं, आणि कालवा कोरडा. ते चिडले, बादल्या घेऊन रस्त्यावर उतरले, कालव्याचे दरवाजे जबरदस्तीनं उघडायचे प्रयत्न झाले. त्यांचा राग खोटा नव्हता. मासा साऱ्या देशाचा, पण त्या वर्षी त्याची किंमत मोजायची पाळी एका तालुक्याएवढ्या मुलखावर आली. संरक्षणाच्या धोरणातली ही खरी खोट आहे आणि माशांचे कैवारी ती मान्य करायला फार वेळ लावतात.

पुढच्या वर्षी शेतीला पाणी सुटलं. २००२च्या सप्टेंबरात नदीच्या खालच्या अंगाला, उथळ आणि कोमट पाण्यात रोग पसरून तीस हजारांहून अधिक सामन मेले. तिथल्या मूळनिवासी युरोक लोकांच्या दारात सडलेल्या माशांचा खच पडला. २००६ साली क्लॅमथचे सामन इतके घटले की सुमारे सातशे मैल किनाऱ्यावरच्या सामन-मासेमारीवर कडक निर्बंध आले. २०२३ पासून लागोपाठ तीन वर्षं कॅलिफोर्नियाच्या समुद्रात व्यापारी सामन-मासेमारी पूर्ण बंद राहिली. बोटी धक्क्याला बांधलेल्या, बर्फाचे कारखाने बंद, खलाशी दुसरं काम शोधत फिरत होते. ही अर्थव्यवस्था नव्हे काय? बदाम आणि बटाटा पिकवणारा म्हणजे उत्पादक, आणि मासा पकडणारा म्हणजे निसर्गप्रेमी, ही विभागणी कुणी केली? नदीतून पाणी काढलं नाही की नुकसान लगेच छापून येतं. काढलं की जे होतं ते ‘नैसर्गिक आपत्ती’ या सदरात जातं.

याच क्लॅमथवर पॅसिफिकॉर्प या वीज कंपनीची चार जुनी धरणं होती. परवान्याची मुदत संपली. नव्या परवान्यासाठी अट आली, की मासे वर चढतील असे जिने बांधा, पाणी सुधारा. कंपनीनं आणि राज्यांच्या वीज नियामकांनी पाटी-पेन्सिल घेतली. चारही धरणांची वीज कंपनीच्या एकूण विजेच्या दोन टक्केही नव्हती. जिने बांधण्यापेक्षा धरणं पाडणं ग्राहकाला स्वस्त पडत होतं. सुमारे ४५ कोटी डॉलरची तजवीज झाली, त्यातले २० कोटी वीजग्राहकांच्या बिलातून आणि २५ कोटी कॅलिफोर्नियाच्या रोख्यांतून. २०२४च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला चौथ्या धरणापर्यंतचं काम उरकलं, आणि त्याच महिन्यात शंभराहून अधिक वर्षांनी सामन ओरेगनच्या हद्दीत पोचले. जलाशयाकाठी घरं घेतलेल्यांचं तळं गेलं, त्यांनी बोंब मारली, तीही रास्त. पण पाडापाडीचा निर्णय झाला तो माशावर प्रेम म्हणून नव्हे. वहीत धरणं तोट्यात होती म्हणून.

परदेशात फार फिरलो. लोणावळ्याला येऊ.

चिक्की घ्यायला नव्हे. वळवण धरणाच्या काठी टाटांच्या वीज कंपनीनं सत्तरच्या दशकापासून महाशीर माशाची पैदास केली. तो दख्खनी महाशीर, आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांचा राजा. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याच्या मुळा-मुठेत सापडलेल्या माशावरून. मासा कमी होत चालला होता, कंपनीनं लाखांनी पिल्लं वाढवली आणि मागेल त्याला दिली. उद्देश शंभर टक्के स्वच्छ. त्यातली काही पिल्लं कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली.

कावेरीत आधीच एक महाशीर होता. पाठीवर वशिंडासारखा उंचवटा असलेला, जगात फक्त त्याच खोऱ्यात सापडणारा. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंजेन कुटुंबातल्या एकानं काबिनी नदीत गळाला लावलेला तो १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा होता. अशा माशासाठी जगभरातून गळ टाकणारे हौशी यायचे. भीमेश्वरी, गलिबोरे, दोड्डमकळी इथं तंबू लागायचे. मासा पकडायचा, वजन करायचं, फोटो काढायचा, परत सोडायचा. त्यासाठी पाहुणे दणकून पैसे मोजत. आधी सुरुंग लावून मासे मारणारी गावातलीच पोरं पगारी वाटाडे आणि राखणदार झाली. मेलेल्या माशाचे एकदाच पैसे येतात, जिवंत माशाचे दर हंगामाला, हे त्यांना अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाआधी कळलं. आणि त्या तंबूंत नोंदवही होती. कोणता मासा, किती वजनाचा, कधी.

त्या वहीनंच पुढे सगळं उघड केलं. १९९८ ते २०१२ या वर्षांच्या नोंदी संशोधकांनी मांडल्या तेव्हा दिसलं, की निळ्या पराचा महाशीर, म्हणजे बाहेरून आणून सोडलेला दख्खनी, वाढत चाललाय आणि वशिंडवाला मूळ रहिवासी संपत चाललाय. २०१८ मध्ये त्याला कसंबसं अधिकृत शास्त्रीय नाव मिळालं आणि त्याच वर्षी तो ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत गेला. एक मासा वाचवायच्या नादात दुसऱ्याच्या गळ्याशी आलं. पिल्लं सोडण्याचा कार्यक्रम फोटोत छान दिसतो. कोणत्या नदीत कोणाची पिल्लं, हा प्रश्न फोटोत दिसत नाही.

तोवर वन्यजीव कायद्याचा अर्थ लावून अभयारण्यातली गळाची मासेमारी बंद झाली होती. कारण कायद्याच्या लेखी तीही शिकार. तंबू उठले, पगार थांबले, राखणदार घरी गेले. नोंदवहीही मिटली. सुरुंगवाल्यांना मात्र कुणी कायद्याचा अर्थ समजावून सांगितला नव्हता, ते परत आले. संरक्षणामुळे रोजगार बुडतो म्हणतात. इथं संरक्षणच रोजगारावर चाललं होतं, आणि बुडवला तो अधिकृत संरक्षणानं.

आमच्या महाड तालुक्यात वाळण कोंड आहे. नदीचा खोल डोह, वर देवीचं ठाणं. लोक पुलावरून कुरमुऱ्यांची मूठ पाण्यात टाकतात आणि क्षणात पाणी उकळल्यासारखं होतं. काळ्या पाठी, रुंद तोंडं, हातभर लांबीचे महाशीर एकमेकांच्या अंगावर चढून कुरमुरे ओढतात. त्यांना गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही, हा नियम. देवीचे मासे आहेत. यासाठी वनरक्षक नाही, निधी नाही, सल्लागार कंपनीचा अहवाल नाही. खर्च म्हणाल तर कुरमुऱ्यांचा, तोही भाविकांच्या खिशातून. या डोहाचा आर्थिक परिणाम कुणी मोजलेला नाही, हे एका परीनं बरंच. मोजायला गेलं की तिथं प्रवेशद्वार, बोटिंग आणि सेल्फी पॉइंटचं टेंडर निघेल.

राहता राहिला प्रश्न महाराष्ट्रात माशानं विकास अडवण्याचा. देशात सगळ्यात जास्त मोठी धरणं आपल्याकडे. त्यातलं एकही कधी एखाद्या माशासाठी रखडल्याचं आमच्या ऐकिवात नाही. गोसीखुर्दचं घ्या. १९८३च्या सुमाराला अंदाज होता ३७२ कोटींचा. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. खर्चाचा अंदाज चढत चढत अठरा हजार कोटींच्या पुढे गेला. वैनगंगेतल्या कुठल्या माशानं हे केलं? भूसंपादन, पुनर्वसन, कंत्राटं, आणि या सगळ्यांना पाठीशी घालणारी ती लाडकी ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा, तिसरी सुप्रमा. २०१२ साली राज्यात गदारोळ झाला तो कशावरून? दहा वर्षांत सत्तर हजार कोटी खर्चून सिंचन ०.१ टक्का वाढलं, या आकड्यावरून. सरकारनं श्वेतपत्रिका काढून तो खोडायचा प्रयत्न केला, आणि वाद ‘क्षमता’ आणि ‘प्रत्यक्ष भिजलेलं क्षेत्र’ यांच्या व्याख्येत जिरला. पाणी कुठं जिरलं ते तसंच राहिलं.

माशाला आपण अडथळासुद्धा होऊ देत नाही, इतका तो हिशेबाबाहेर आहे. साईक्सला महाशीर मिळाला त्या मुळा-मुठेत आज महाशीर शोधणाऱ्याला आधी डॉक्टरकडे न्यावं लागेल. त्या नदीचा काठ सजवायला मात्र हजारो कोटींचा प्रकल्प आहे. उजनीच्या काठी भिगवणच्या बाजारात सकाळी जाऊन बघा. चिलापीचे ढीग पडलेले असतात, वाम आणि मरळ विचारलीत तर भोईदादा वर बघून हसतो. त्याच पट्ट्यात बंदी असलेला मांगूर तळ्यांतून काढून जेसीबीनं पुरावा लागला. भोयांच्या जाळ्यातून देशी मासा गेला त्याचं नुकसान कोणत्या खात्यानं, कोणत्या वर्षी, किती धरलं? आणि २०२३ मध्ये राज्यानं ‘राज्य मासा’ निवडला तो सिल्व्हर पापलेट. उत्तम निवड, आम्हालाही आवडतो. नदीतला निवडला असता तर तो दाखवायचा कुठं, ही अडचण होतीच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. धरणाच्या, कालव्याच्या, काठ सुशोभीकरणाच्या कोनशिलेवर मान्यवरांची नावं असतात तशी असू द्या. खाली तीनच ओळी वाढवा. मूळ अंदाज किती, आजवर खर्च किती, आणि या पाण्यावर आधी पोट भरणारी किती घरं होती, त्यांचं काय केलं. क्लॅमथच्या शेतकऱ्यासारखा कुणी माशापायी खरंच भरडला जात असेल तर त्याची भरपाई सगळ्यांच्या करातून द्या, आम्हीही भरू.

आणि पुढच्या सभेत कुणी ‘एका यःकश्चित माशासाठी...’ असं सुरू केलं, की त्या प्रकल्पाच्या पहिल्या प्रशासकीय मान्यतेची तारीख आणि रक्कम मागून घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं.